झोपेची वही आणि आडवं न आलेलं हरीण

"खोटं हाये साहेब, सगळं खोटं लिव्हलंय ह्यांनी," माझी बायको सुमन जालन्याच्या मेंदूच्या डॉक्टरांपुढं ओरडत होती. बाहेरच्या बाकावरचे पेशंट आपापली दुखणी विसरून दारातून डोकावू लागले. "रोज आठ तास झोप म्हणं. आठ मिन्टं निजंना हा मानूस. गाडीची चावी पायजे, म्हनून लिव्हलं."

डॉक्टरांनी पंधरा दिवस झोपेची वही ठेवायला सांगितली होती. किती वाजता पडलो, डोळा कधी लागला, कधी उघडला. त्या वहीत मी कुंभकर्णाला लाजवलं होतं.

मी मंठा-जालना रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचो. दहा जीपा उभ्या असल्या तरी आधी माझी भरायची, ती माझ्या गप्पांमुळं. विहिरीतल्या बेडकाची माझ्या तोंडी मगर व्हायची. दोन हजार सालानंतर कधीतरी झोप बिघडली. आधी आठवड्यातून एखाद-दोन राती, मग रोजच. "तीन महिने डोळ्याला डोळा न्हाई," असं गाडीत सांगितलं की लोक खो-खो हसायचे. "मामा, मगरीची गोष्ट यापेक्षा बरी व्हती," एक जण म्हणाला. जन्मभर थापा मारल्या, की दुखणंसुद्धा थापेत जमा होतं.

एका दुपारी वाटूरच्या अलीकडं स्टेअरिंगवरच माझी डुलकी लागली. जीप थेट कपाशीत. आत चौदा माणसं, पुढच्या सीटवर सुमन. कुणाला खरचटलंही नाही. "हरीण आडवं आलं," मी म्हणालो. जालना येईपर्यंत त्याचा कळप झाला होता आणि एक म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडत होती. घरी आल्यावर सुमननं चावी कमरेच्या पिशवीत टाकली. "हरीन न्हवतं," एवढंच बोलली.

चौदा माणसं. हा आकडा मी फुगवलेला नाही.

मग सुमननं मला डॉक्टरांकडं नेलं. एमआरआय झाला, म्हणजे चुंबकाच्या नळीत घालून काढलेला मेंदूचा फोटो. अर्धा दिवस रांगेत गेला. आत पिठाच्या शंभर गिरण्या एकदम चालू झाल्यासारखा आवाज. रिपोर्ट नॉर्मल आला आणि मला धडकीच भरली. आता तर कुणीच विश्वास ठेवणार नव्हतं.

सुमनचं ओरडणं ऐकून डॉक्टरांनी माझी वही बाजूला सारली. "याला क्रॉनिक इन्सोम्निया म्हणतात, म्हणजे महिनोन्‌महिने मुक्काम ठोकलेला निद्रानाश. फोटोत मेंदूची बांधणी दिसते, आतलं बोलणं दिसत नाही. मेंदूच्या भागांचा आपसात संपर्क असतो, त्याला कनेक्टिव्हिटी म्हणतात. झोपेच्या वेळी काही भागांनी गप्प बसायचं असतं. अशा रुग्णांत ते बोलतच राहतात, असं संशोधनात दिसू लागलंय. पण त्या बोलण्यानं झोप जाते, की झोप गेल्यानं ते बोलतात, हे अजून पक्कं माहीत नाही."

वाटूर फाट्यावरच्या हॉटेलाचं शटर पाडलं, तरी आत चौघांचं बोलणं चालूच असतं. मला बराबर कळलं. माहीत नाही असं तोंडावर सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गोळ्या थोड्या, त्याही मोजके दिवस. बाकी शिस्त. दिवसा आडवं व्हायचं नाही. दुपारनंतर चहा बंद. झोप आल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही आणि कितीही जागरण झालं तरी सकाळी साडेपाचला उठायचंच. पहिले तीन आठवडे जीव नकोसा झाला. तुमच्यावर ही वेळ आली, तर ते तीन आठवडे सोडू नका. आणि वहीत खरं लिहा. डॉक्टर औषध त्या वहीला देतो.

नवी वही सुमननं माझ्या हातात दिली, पण पेन्सिल दोरीनं चुलीपाशी खिळ्याला बांधलेली, म्हणजे लिहायचं ते तिच्यासमोरच. माझा भाऊ जीप चालवायचा; सकाळी सुमनकडून चावी न्यायचा, रात्री तिलाच परत द्यायचा. मी फाट्यावर बसून लोकांना हरणाचं खरं सांगायचो. कुणालाच पटत नव्हतं.

पाच महिन्यांनी पुन्हा तीच खोली. "झोप किती?" डॉक्टरांनी विचारलं.

जिभेवर आठ आलं होतं. ते गिळलं. "पाच तास. मधी एकदा उठलो."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. ते सुमनकडं वळले. तिनं पिशवीची नाडी सोडली आणि चावी टेबलावर ठेवली.

"बराबर हाये," ती म्हणाली.