कानाले कडी

"थांब बाप्पा, कानाले कडी लावू दे."

मोटारसायकलला किक मारायच्या आधी काकाजींचं हे वाक्य ठरलेलं. खिशातून तंबाखूची जुनी पत्र्याची डबी निघायची. तंबाखू त्यांनी केव्हाच सोडलेली. डबीत आता स्पंजची दोन पिवळी बुचं. एक बूच चिमटीत वळून वळून ते वातीएवढं बारीक करायचे. मग डावा हात डोक्यावरून पलीकडं नेऊन उजव्या कानाची पाळी वर ओढायचे, बूच आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटानं दाबून धरायचे. तेवढा वेळ तोंडानं वाटेवरच्या गावांची नावं. "आंजी, खरांगणा, आर्वी, तळेगाव." गावं संपली की बूच बसलं. मग दुसरा कान, पुन्हा तीच गावं. शेवटी हेल्मेट.

डोक्यावरून हात नेऊन कान धरलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. पूर्वी शाळेत नाव घालताना पोराचं वय असंच मोजायचे. हात कानाला पोचला की पहिलीत. मी पहिल्याच दिवशी हसून म्हणालो, "काकाजी, शाळेत नाव घालायचंय काय?"

"तू सोडली ना? तुही जागा खाली हाये."

मी सांगोल्याकडचा. नववीत शाळा सोडली आणि दाजींच्या ओळखीनं पार वर्ध्यात येऊन पडलो. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांची दुरुस्ती करणारं आमचं दुकान. मिस्त्री दोघंच, काकाजी आणि मी. मालकांनी माझ्यासारख्याला ठेवून घेतलं, हे उपकार मी विसरत नाही. पण धास्ती सुटायची नाही. हे काम गेलं तर घरी कोणत्या तोंडानं जायचं?

आणि शेजारी हा माणूस! लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा, डोळे मिटायचा. "तिसरं रडून राह्यलं." उघडलं की तिसरंच. मीही तसंच टेकवायचो, तर मला सगळी एकसारखीच बोंबलताना ऐकू यायची. जिनिंगवाले मला पाण्याचा ग्लास देत आणि माझ्या मागं बघत विचारत, "काकाजी नाई आले का?"

मला वाटायचं, सगळी करामत त्या बुचांची.

"इंजिन नाई खात कान," ते सांगत. "हवा खाते. हेल्मेटात शिरते अन् आत नाचते. उतरल्यावर शिट्टी वाजते ना? तो कान रडते."

"आणि हॉर्न?"

"हॉर्न आयकू येते. निस्ती हवा बाहेर राह्यते."

शिट्टी माझ्या कानात रोज वाजायची. जेवतानासुद्धा. पण कबूल कसं करणार? बहिऱ्या मिस्त्रीला कोण ठेवतं?

एकदा तळेगावहून फोन आला. मोठं गिऱ्हाईक. मालक म्हणाले, "काकाजी, तुम्हीच जा. यानं दुकान सांभाळावं." काकाजी हात धुवायला गेले. डबी बाकावर होती. मी ती उचलली आणि माझ्या पान्यांच्या पिशवीत टाकली. का, ते त्या वेळी विचारलं असतंत तर मला सांगता आलं नसतं. आता सांगतो, जळत होतो.

त्यांनी दुकान पालथं घातलं. कडीशिवाय ते गाडीवर बसेनात. "मी यष्टीनं येतो. तू गाडी घेऊन हो पुढं, दुकान मालक पाहतीन. पण मी येईस्तोवर खोलजो नको काही."

मी गाडी अशी पिटाळली की आर्वी केव्हा मागं पडली कळलं नाही. उतरलो तेव्हा डोक्यात नुसता वारा. पेचकस टेकवला, तर माझीच शिट्टी. जिनिंगवाला समोर उभा. मी अंदाजानं दुसरं बेअरिंग खोललं. ते चांगलं होतं.

काकाजी पोचले तेव्हा कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. जिनिंगवाला कडाडला, "हे कोण पाठवलं बाप्पा तुम्ही? हे पोट्टं पुन्हा नका पाठवजा!"

काम गेलं, मी मनात म्हटलं.

"मीच फोनवर खोल म्हनलं होतं त्याले," काकाजी म्हणाले. "माही चूक." मग सगळं जोडून यंत्र चालू करायला लावलं, पेचकस टेकवला. पाचवं.

वाचलो, तरी या चांगुलपणाचाही मला रागच आला. असं वागायलाही यांनाच जमावं?

परतताना ते माझ्या मागं बसले. "हळू चाल. आज कडी नाई." चाळीसच्या वर जाऊ दिलं नाही. पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या बायांचं बोलणं रस्त्यावर ऐकू येत होतं. वर्ध्यात उतरलो, तर कानात शिट्टी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबी गुपचूप बाकाखाली ठेवली.

"हे काय, इथंच तं हाये!" काकाजी म्हणाले आणि माझ्याकडं बघत राहिले. "ये इकडं." माझ्या डोक्यावरून हात नेऊन त्यांनी माझा कान पकडला आणि असा वर ओढला की डोळ्यांत पाणी आलं. मग एक कोरं बूच आत सरकवलं. "घातलं तुहं नाव."

गेल्या उन्हाळ्यात काकाजी गेले. हिंगणीला त्यांच्या घरी भेटायला गेलो. काकू म्हणाल्या, "तू तोच का, डबीवाला?"

मी मान डोलावली.

"त्या दिवशी घरी येऊन मले सांगत होते. म्हने, पोट्ट्याच्या पिशवीत डबी पान्यावर वाजून राह्यली होती, तळेगावपासून वर्ध्यापर्यंत. मी म्हनलं, मंग काऊन नाई इचारलं? तं म्हने, घाबरलेलं होतं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "चुलीपाशी मी पुटपुटली तरी आंगनात आयकू जाये त्याईले."

गेलेल्या माणसावर जळू नये म्हणतात. मी जळतो. आता तळेगावला मीच जातो. बेअरिंग बहुतेक वेळा बरोबर सापडतं. तरी जिनिंगवाले पाणी देताना माझ्या मागं बघतात. मीही वळून बघतो.

निघताना डोक्यावरून हात नेतो, कान वर ओढतो, बूच दाबून धरतो. आंजी, खरांगणा, आर्वी, तळेगाव. तेवढ्यानं ते फुगलेलं असतं. तरी बोट काढत नाही, एक नाव जास्तीचं घेतो. हिंगणी. ते त्या वाटेवर नाही.