आष्ट्याहून आलेला चोर

आता काय सांगू तुम्हाला, असा मूर्खपणा गावात दुसऱ्या कुणी केलेला नाही! हसू आलं तर हसा. मला अजून येत नाही.

दुष्काळाचं साल. आटपाडीकडचं आमचं गाव दिवसा ओस, बायामाणसं सगळी खडी फोडायला. चोर काय खुळे आहेत होय? भर दुपारी कुलपं फुटायला लागली. मग फौजदारांनी ग्रामरक्षक दल काढलं आणि फौजेतून पेन्शनीवर आलेला म्हणून मला नायक केलं. शिट्टी, काठी, खाकी टोपी. झालं!

तिकडं आष्ट्याला आमची आक्का अंथरुणाला खिळलेली. 'एकदा तोंड दाखवून जा' म्हणून निरोपावर निरोप. पण गाव कुणावर सोडू? जातो, जातो म्हणत राहिलो.

एका दुपारी माझ्याच दारापुढं एक अनोळखी माणूस घुटमळताना दिसला. फुंकली शिट्टी!

"कुठला रं तू?"

"आष्ट्याचा."

आष्टा म्हटल्यावर तरी डोक्यात उजेड पडावा की नाही? पण डोक्यावर टोपी होती ना!

"कुणाकडं आलायस?"

त्यानं माझंच नाव घेतलं.

"मीच त्यो. बोल."

तर गडी एकदम गप्प! रामराम नाही, काही नाही. खाली बघत म्हणाला, "तुमाला न्हाई सांगता यायचं. भावकीतल्या कुणाला तरी बोलवा."

"पानी पितोस?"

"नगं."

एवढ्या उन्हातून आलेला माणूस पाणी नको म्हणतो? माझी खात्रीच पटली. दंड धरून नेला आणि चावडीत कोंडला. वरून कडी.

"आवं, उशीर हुतोय! भावकीला बोलवा!" तो आतून ओरडतोय.

"खोटारड्या, फौजदार येऊ दे, मग बोल!" मी बाहेरून मिशीवर हात फिरवतोय.

तुमच्या ध्यानात आलंच असेल. मयताचा सांगावा आणणारा रामराम करत नाही, पाणी घेत नाही, आणि सख्ख्या भावाच्या तोंडावर तर बोलतच नाही. हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त दलाच्या नायकाला!

दिवस मावळताना चुलतभाऊ म्हादू खडीवरून आला. त्यानं चावडीची कडी काढली, तसा गडी त्याच्या कानाशी लागला. म्हादूनं माझ्या डोक्यावरची टोपी काढली.

"आक्का गेली रं," म्हणाला.

बाईला माहेरचं लुगडं घातल्याशिवाय उचलत नाहीत. ते लुगडं घेऊन आम्ही तिघं मिळेल त्या ट्रकनं निघालो. पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, किती थांबणार? माझी वाट बघून बघून शेवटी शेजारणीच्या लुगड्यावर नेली. मी त्या अंगणात लुगडं छातीशी धरून पोरासारखा रडलो.

दाजी म्हणाले, "पावनं, सांगावा तर पहाटंच धाडला व्हता. मग एवढा उशीर?"

तेवढ्यात तो गडी पुढं झाला.

"वाटंत गाडी मोडली," म्हणाला.

दिवस मावळेपर्यंत मी ज्याला खोटारडा म्हणत होतो, तो खोटं बोलला ते एवढंच.