तात्यांच्या अवोकाडोवरची पांढरी माशी

गच्चीवरच्या टाकीत गाळ साठतो तसे आमचे किस्से साठलेत. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही. काळाचौकीतली आमची चाळ पडून टॉवर झाला, गप्पांना गॅलरी उरली नाही, म्हणून आम्ही चार-पाच जण संध्याकाळी गच्चीवर बसायला लागलो. तिथे निळ्या ड्रममध्ये तात्या परबांचं अवोकाडोचं झाड आहे. बी लावून सहा वर्षं झाली. यंदा पहिला मोहोर आला, आणि मोहोराबरोबर पांढरं काहीतरी.

*

आधी पानं चिकट झाली, मग काळी पडली. मी छातीठोकपणे सांगितलं, "बाजूच्या बांधकामाची धूळ आहे." आठवडाभर ओल्या फडक्याने एकेक पान पुसलं, तेही वरून. कीड पानाखाली बसून माझी मजा बघत होती.

*

तात्या गिरणीत कापड तपासायला होते. धागे मोजायचं भिंग त्यांनी अजून जपलंय. ते पानाखाली धरून त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "अरे, हिने अंडी गोल गोल घातलीत. रांगोळी काढावी तशी."

मीही वाकून पाहिलं. खरंच सुंदर होतं, खोटं कशाला बोलू.

*

सेक्रेटरी सावंतांना ते सुंदर वाटलं नाही. कीड सगळ्यांच्या कढीपत्त्यावर जाईल, रविवारी झाड तोडायचं, असं त्यांनी सांगून टाकलं. तात्या एवढंच म्हणाले, "कीड कुठली ते तरी बघू दे. मी एक्याऐंशी वर्षांचा. आता नवीन बी लावून किती वाट बघू?"

त्या दिवशी कोणालाच चहा गोड लागला नाही.

*

माझा मेहुणा शेतीखात्यात आहे. त्याला माशीचे फोटो पाठवले. तो म्हणाला, "दाजी, उडणाऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात. तिने पानाखाली सोडलेली कात दाखवा, मग नाव सांगतो."

झालं, आम्ही कात शोधायला बसलो. त्यातच शेजारच्या सुनंदावहिनी हिंदमाताच्या बाजारातून घेतलेली नवी पिवळी साडी नेसून वर आल्या. या माश्यांना पिवळ्याचं भारी वेड. पाच मिनिटांत वहिनींच्या खांद्यावर पांढरे ठिपके, आणि तात्या भिंग घेऊन पुढे. "हलू नको गो बाय, बऱ्या बसल्यात."

वहिनी पंधरा मिनिटं तशाच उभ्या. नंतर म्हणाल्या, "बघायला आले होते तेव्हासुद्धा मला एवढं निरखून कोणी पाहिलं नव्हतं."

कात मात्र शनिवारी सापडली, पानाखालीच.

*

रविवारी संध्याकाळी सावंत करवतवाल्याला घेऊनच वर आले. मी मेहुण्याचा मेसेज वाचून दाखवला: चक्राकार पांढरी माशी, पाण्याचा फवारा मारा, निंबोळी तेल मारा, झाड तोडायची गरज नाही.

"मेसेज कोणीही पाठवेल," सावंत म्हणाले. "मला माशी दाखवा."

तात्यांनी फांदी धरून हलवली.

ऊन कलतं होतं, वारा पडला होता. पानांखालून शेकडो माश्या एकदम उठल्या आणि झाडाभोवती सोनेरी भुकटीसारख्या तरंगत राहिल्या. मग एकेक करत त्या परत पानांखाली गेल्या.

सावंतांनी घसा खाकरला. "तात्या, परत एकदा हलवा."

"थांब रे," तात्या म्हणाले, "आधी नीट बसू दे त्यांना."

करवतवाल्याने करवत खाली ठेवली आणि तोही आमच्यात येऊन उभा राहिला.