गोळ्या सोडल्याबद्दल सत्कार

माझ्या मामाचा आयुष्यात एकदाच जाहीर सत्कार झाला, तोही मधुमेहाच्या गोळ्या सोडल्याबद्दल.

मुरबाडच्या एका हॉलमध्ये गुळवेल चूर्णाचा मेळावा होता. मामाला मोटरसायकलवरून न्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीही गेलो. दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद केले, ते पुन्हा कुणी लावलेच नाहीत. बंद गळ्याचा कोट घातलेल्या एका आरोग्याचार्यांनी चूर्णाचे फायदे सांगितले: ताप, सांधे, रक्त, केस, स्मरणशक्ती. ते ऐकताना वाटलं, माणसं मरतात ती निव्वळ आळसानं. गुळवेलीत गुण असतीलही. सापगावला मामाच्या कुंपणावर ती फुकट वाढते आणि तापात तिचा कडू काढा आम्ही सगळेच प्यायलो आहोत. वेलीबद्दल माझी तक्रार नाही. तिनं कधी भाषण केलेलं नाही.

मामानं महिनाभर चूर्ण घेऊन गोळ्या बंद केल्या होत्या. त्याबद्दल त्याला मंचावर बोलावून शाल, नारळ आणि चूर्णाचा एक डबा दिला. सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या शेजारच्यानं वाजवल्या. तो डबे विकणाऱ्यांपैकीच होता.

पुढे भातकापणीत मामाच्या पायाला खुंट लागला. जखम भरेना. शहापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, गोळ्या आजपासून सुरू करा, नाहीतर अंगठा काढावा लागेल.

"घेणार ना?" घरी आल्यावर मी विचारलं.

"चारचौघांत शाल घेतली रे भाच्या. आता कुठल्या तोंडानं गोळी घेऊ?"

"त्याच तोंडानं घ्या," मामी म्हणाली. "दुसरं हाय का तुमाला?"

शेवटी तो स्वयंपाकघराचं दार लावून चोरून गोळी घेऊ लागला. जखम भरत आली. तेवढ्यात एका दुपारी आचार्य गाडीतून चार गिऱ्हाइकं घेऊन अंगणात उतरले. जखमेची बातमी त्यांना लागली नव्हती; ती भरल्याची मात्र बरोबर लागली होती.

"बघा हा पाय! हे आपल्या चूर्णाचं काम."

गिऱ्हाइकांतल्या एका बाईनं वाकून पाय पाहिला आणि मामालाच विचारलं, "मग दादा, माज्या आईच्या गोळ्या बंद करू ना?"

मामानं पाय मागे ओढून घेतला. आचार्य त्याच्या वतीनं हसले. मामी आत गेली, गोळ्यांची पट्टी आणि तांब्या घेऊन आली आणि दोन्ही त्याच्यासमोर ठेवलं. "घ्या. टाइम झाला."

मामानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही. मग सगळ्यांसमोर त्यानं गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायला.

"नको करू बंद, बाय," तो म्हणाला. "मी केल्या होत्या. अंगठा जात होता."

"चूर्ण गोळीसोबतही चालतं," आचार्य लगेच म्हणाले. इतक्या चपळाईनं शास्त्र बदलताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

बाई मामाशेजारी ओट्यावर बसली. "गोळी जेवायच्या आधी घेता का नंतर?" तिनं विचारलं.