पाठराखीण कुणाची

माझं उभं आयुष्य एसटीत कंडक्टरकी करण्यात गेलं. त्यामुळे माणूस गोड बोलायला लागला की मला आधी संशय येतो. "बाई, पुढच्याच स्टॉपला तर उतरायचंय" असं लाडात येऊन बोलणारा हटकून फुकट्या निघतो. महिलांसाठी राखीव सीटवर बसून झोपेचं सोंग घेणारे बापे तर मी ढिगानं उठवलेत. एकानं डोळे न उघडताच मला सांगितलं होतं, "बाई, राखीव हाय म्हणूनच राखत बसलोय की तुमच्यासाठी!" सगळी गाडी हसली. मेल्याचा राग आला होता, पण हसू मलाही आवरलं नाही.

तर माझ्या भाचीचं लग्न झालं. भाची म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. आमचं माहेर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं आणि तिचं सासर नृसिंहवाडीच्या अलीकडच्या एका गावात. ऊस, म्हशी, दारात ट्रॅक्टर, सगळं भरलेलं. भाची लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. सासरहून मोपेडवर जाता यावं म्हणून तिनं कोल्हापूरची नोकरी सोडून जयसिंगपुरात दुसरी मिळवली होती. लग्नानंतरच्या सोमवारी हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार, हे तिला बजावून सांगितलेलं. बोलणीच्या बैठकीतच तिनं हे सगळ्यांसमोर काढलं आणि दोन्हीकडच्यांनी माना डोलावल्या. माना डोलावणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

लग्नाच्या आधी भाऊ मला म्हणाला, "आक्का, पाठराखीण म्हणून तू जा."

नवरीसोबत पहिले काही दिवस तिच्या सासरी राहायला माहेरची एक बाई जाते, ती पाठराखीण. पोरगी नव्या घरात बावरू नये, तिला कुणी वाकडं बोललं तर तिच्या बाजूनं एक माणूस असावं, एवढाच अर्थ. हल्ली कोण पाळतंय हे? पोरी मोबाईल घेऊन जातात, बास झालं. पण भाऊ हटूनच बसला. "तुझ्याइतकी खमकी बाई आपल्यात हाय कोण?" म्हणाला. खरं सांगते, मला बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं माझ्या तोंडाळपणाचं कौतुक केलं होतं.

गेल्या गेल्या माझी नजर कामाला लागली. विहीणबाई, म्हणजे भाचीची सासू, एवढ्या गोड बोलायच्या की मी कानच टवकारले. "लेकीसारखी ठेवू हो तुमच्या पोरीला." लेकीसारखी म्हणजे कुठल्या लेकीसारखी, हे कुणी विचारतच नाही. सगळ्या लेकी काय सुखात असतात होय? ताटात आग्रहानं वांग्याची भाजी तिसऱ्यांदा पडली तशी मी मनात म्हटलं, ही बाई कायतरी दडवतीया.

आणि दडवलं होतंच. रुखवताच्या सामानाबरोबर टेम्पोतून भाचीची मोपेडही आली होती. गाडी आली, चावी आली नाही. भाचीनं विचारलं तर विहीणबाई म्हणाल्या, "आसंल कुठंतरी, गावंल की. पळून जातीया व्हय चावी?" दुसऱ्या दिवशीही तेच. जावई बिचारा भोळा, तो सगळी कपाटं उपसत बसला. मी मात्र विहीणबाईंच्या कमरेकडे बघायला लागले. तिथं किल्ल्यांचा जुडगा होता आणि वाकल्या की त्यात काहीतरी लाल चमकायचं. भाचीच्या चावीचा गोंडा लाल होता.

रोज संध्याकाळी भावाचा फोन यायचा. "कशी हाय पोरगी? बाहीर कुठं गेली न्हाई न्हवं?" मी सांगायची, "कुठली जातीया, घरातच हाय." बापाचं काळीज, दुसरं काय, असं वाटायचं मला. चावीचं त्याला बोलले नाही, उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला.

दिवसभर मला काम नव्हतं. पाठराखिणीला कोण भांडी घासू देतंय? मग सोप्यात बसून त्या शब्दाचाच कीस पाडायची. राखायचं म्हणजे काय काय राखतो आपण! शेत राखतो, म्हशी राखतो. थोरामोठ्यांची मर्जी राखतो, त्यापायी गप्प बसतो. घराची अब्रू राखायची म्हटली की ती कायम बाईनंच राखायची. आणि एखाद्यानं बाई राखली म्हटलं की गाव तोंडाला पदर लावून हसतं. शेताला कधी कुणी विचारलंय का, बाबा, तुला राखलेलं आवडतंय का म्हणून? हे असलं डोक्यात यायचं, आणि मग मी पुन्हा त्या जुडग्याकडे बघत बसायची.

रविवारी दुपारी माझा धीर सुटला. विहीणबाई स्वयंपाकघरात एकट्याच शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सरळ म्हटलं, "विहीणबाई, ती लाल गोंड्याची चावी द्या हिकडं. बैठकीत ठरलंय एक आणि तुम्ही करताय एक. पोरीच्या मागं कोण न्हाई असं वाटलं काय तुम्हाला?"

त्यांचा हात थांबला. चेहरा एकदम पडला.

"आवं आक्का, तुमच्याच भावानं दिलीया मला. मांडवातच. म्हणाले, गाडी पाठवतोय पर चावी तुमच्यापाशी ठिवा. पोरगी हट्टी हाय, सोमवार टळला की नोकरी इसरंल. आन् म्हणाले, आक्काला संगं धाडतोय, ती राखंल तिला." मग जुडग्यातनं चावी सोडवत म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला समदं ठावं हाय. आमचं काय, जाऊ दे की पोरगी! बापाचंच म्हणणं असल्यावर मी कशाला मधी पडू?"

माझ्या कानशिलात कुणीतरी वाजवल्यासारखं झालं. तिथल्या तिथं भावाला फोन लावला. तो जराही चपापला नाही.

"मी बाप हाय तिचा. त्या रस्त्याला रोज काय काय होतंय, पेपरात वाचत न्हाईस? आणि उद्या सासरच्यांनी नोकरीवरनं तोंड वाकडं केलं, तर कोण निस्तरणार? पोरीला जपायला नको?"

"आणि मला कशाला धाडलंस रं मग?"

"तू रोज सांगत हुतीस की, घरात हाय म्हणून. तेवढंच पायजे हुतं."

अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात दिल्या नसतील एवढ्या शिव्या मी त्याला दिल्या, विहीणबाईंच्या देखत. फोन ठेवून वळले, तर दारात भाची उभी. कधीपासून, देव जाणे.

तिनं सासूच्या हातातनं चावी घेतली. मग मला म्हणाली, "रोज संध्याकाळी पप्पांशीच बोलत होतीस न्हवं आत्ती?"

"अगं, त्यो तुझी खुशाली विचारायचा..."

"चावीचं तुला ठाऊक होतं?"

"आईशप्पत न्हवतं गं!"

"व्हय," ती म्हणाली.

तो 'व्हय' मी ओळखते. तिकीट काढलं होतं पण हरवलं म्हणणाऱ्या माणसाला मी अगदी तस्संच 'व्हय का' म्हणायची. पुढं वाद घालायची नाही, आणि त्याच्यावरची नजरही काढायची नाही. मला रडू आलं, पण रडले असते तर तेही तिला सोंगच वाटलं असतं.

सोमवारी सकाळी विहीणबाईंनी तिचा डबा भरला. जावयानं गाडी पुसून अंगणात उभी केली. मी चप्पल घालून तयारच होते. म्हटलं, "थांब, पहिला दिवस हाय, मी येते तुझ्यासंगं. तिथं झाडाखाली बसंन दिवसभर."

तिनं हेल्मेट घातलं, गाडी चालू केली. माझ्याकडे बघितलं ते अगदी शांतपणे, परक्या माणसाकडे बघावं तसं.

"नको आत्ती. तू पप्पांना फोन कर. सांग, गेली म्हणून."