काजळाचा आळ

"डोळा काढ."

डॉक्टरसाहेब एवढंच म्हणायचे. हॉल भरलेला असायचा. पांढऱ्या कोटातली डॉक्टरकी शिकणारी पोरंपोरी चढत्या बाकांवर, आणि समोर स्टुलावर मी. तेव्हा शाळेत नुकतीच जायला लागले होते. डाव्या पापणीखाली बोट घालायचं, काचेचा डोळा तळहातावर घ्यायचा आणि हात पुढं करून बसायचं. मागची पोरं उभी राहून बघायची. साहेब इंग्रजीत बोलत माझ्या रिकाम्या खोबणीकडं काठी करायचे. मग तीच काठी दाराकडं वळायची. तिथं माझी आई उभी असायची.

"ही आई. काजळ भरत बसली, म्हणून लेकराचा डोळा गेला."

हे मात्र मराठीत. हॉल हसायचा. सगळा नाही, पण हसायचा. आई पदर तोंडाशी धरून फरशीकडं बघायची.

आम्ही दापोडीचे. वडील पिंपरीला कंपनीत. मी तान्ही असताना चिमणीच्या उजेडात आईला माझ्या डोळ्यात पांढरं काहीतरी चमकताना दिसलं, मांजराच्या डोळ्यासारखं. सकाळ झाल्या झाल्या तिनं मला कंपनीच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर म्हणाला, काही नाही, जाईल आपोआप. ती पुन्हा गेली. त्यानं पुन्हा घालवून दिलं. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत डाव्या डोळ्यातली गाठ वाढली होती आणि उजव्यातही एक धरली होती. लहान मुलांच्या डोळ्याला होतो तो कॅन्सर. आईनं हे सगळं साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे उशीर कुणी केला, ते त्यांना माहीत होतं.

डावा डोळा काढला. उजव्याला मशीनच्या किरणांचा शेक दिला. किती शेक दिला तर गाठ जळते आणि नजर राहते, ते तेव्हा शोधायचं चाललं होतं. आमच्यासारख्या पोरांवरच. आम्हाला कुणी विचारलं नाही. नजर वाचली, हे खरं. मी नाकारत नाही. कानशिलं आत गेली, तेही खरं. शाळेत पोरं मला कवटी म्हणायची.

पाठचा भाऊ झाला तेव्हा आत्यानं काजळाची पितळी डबी पुढं केली. आईनं ती उचलली आणि थेट नदीवर जाऊन पाण्यात फेकली. भावाच्या गालाला तीटसुद्धा लागली नाही. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, हिनं लेकीचा डोळा खाल्ला. आई कधी उलटून बोलली नाही. साहेब म्हणाले म्हणजे खरंच असणार! ताप असो, पाऊस असो, वडिलांचा खाडा पडो, तिनं तपासणीची तारीख चुकवली नाही. बुद्धाच्या तसबिरीला हात जोडले की लगेच साहेबांचं नाव घ्यायची.

मी मोठी झाले. भोसरीत मोटारीच्या कॉइल गुंडाळायला लागले. दोन डोळ्यांच्या बायकांइतकंच काम एका डोळ्यानं करायची. लग्न झालं, मुलगी झाली. तारीख आली तेव्हा तिला कडेवर घेऊन गेले. आई बरोबर होतीच, नेहमीसारखी बाहेर उभी.

साहेबांचे केस पांढरे झाले होते. बाळ बघून त्यांचा चेहरा फुलला.

"अरे वा! हिचीच तर वाट बघत होतो आम्ही."

"का, साहेब?"

"तुझा आजार रक्तातून पुढं उतरतो. हिलाही असू शकतो. दोन पिढ्या एकदम दाखवता येतील."

मागच्या खेपेला मी पोटुशी होते. साहेब पोटाकडं बघून हसले होते. एक शब्द बोलले नव्हते.

"मग काजळ?" मी विचारलं.

"काजळाचा काय संबंध? पण धाक असला की तुम्ही लोक तारीख चुकवत नाही. चुकवलीत का एकदा तरी?"

कौतुकानं म्हणाले. वर आणखी, "चल, मुलं थांबलीत. आधी हॉल, मग बाळ तपासू."

मी स्टुलावर बसले. मांडीवर पोर.

"डोळा काढ."

बोट सवयीनं पापणीपाशी गेलं. मी ते खाली घेतलं.

"आये, आत ये."

आई दोन पावलं आत आली. मी म्हणाले, "साहेब, मघाशी मला सांगितलंत ते हिला सांगा. माझा डोळा काजळानं गेला का?"

साहेब इंग्रजीत काहीतरी बोलले.

"मराठीत सांगा. काजळाचं इतकी वर्षं मराठीतच सांगत होतात."

"तमाशा करू नकोस. बाळ तपासायचंय ना?"

ही धमकी होती. माझ्या लेकीचे डोळे तारण ठेवून दिलेली. मी पोर उचलून उठले.

"तपासायचंय. बाहेर, सगळ्यांच्या रांगेत. इथं नाही."

पुढच्या बाकावरची एक मुलगी चाचरत म्हणाली, "आजी, काजळानं नाही होत." साहेबांनी तिला गप्प केलं.

आई माझ्याकडं वळली. "मग ह्यो मानूस येवढी वर्सं काय बोलत व्हता गं?"

मी तिचा हात धरला आणि बाहेर आले.

रांगेत दुपार टळली. एका तरुण डॉक्टरनं बाळाच्या डोळ्यात थेंब टाकून पाहिलं. उजव्या डोळ्याच्या कडेला बारीक ठिपका होता, त्याच गाठीची सुरुवात. आईनं न विचारता पोर माझ्याकडून घेतली आणि छातीशी धरली.

उपचार त्याच इस्पितळात चालू आहेत. दुसरीकडं शेकाचं ते यंत्र नाही. पण साहेबांचे उपकार मानून मी जात नाही. काय करताय, कशासाठी, पुढं काय होईल, सगळं विचारते. मराठीत सांगितल्याशिवाय बाळाला हात लावू देत नाही. बाकावर काजळ घातलेलं लेकरू घेऊन एखादी घाबरलेली बाई दिसली की साहेबांच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "बाई, तुझ्या हातानं काही झालेलं नाही."

माझी लेक त्या स्टुलावर बसणार नाही. मीही नाही. काजळाचं खोटं होतं, हे साहेबांनी आईला अजून सांगितलेलं नाही. ते त्यांना सांगावं लागेल, त्याच हॉलमध्ये, त्याच पोरांसमोर. तोवर मी त्यांचं दार सोडणार नाही.