पेटीच्या वर्गाचा चौथा नियम

सत्तर सालच्या सुमाराला भाईंदर पश्चिमेला, भाजीबाजारामागच्या चाळीत एक मास्तर पेटी शिकवायचे. त्यांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, नियम मात्र अख्ख्या चाळीला पाठ होते. कुणी चुकलं तर ते ओरडत नसत. शांतपणे उठून फळ्यावर एक नियम वाढवत. जवळच्या मुर्धा गावच्या एका विद्यार्थ्याने पेटीच्या भात्यावर चहा सांडला, तो सातवा. नियम अकरावर गेले, आम्ही शिकणारे अजून पहिल्याच रागात, भूपातच होतो.

चौथा नियम असा: पाच मिनिटं उशीर झाला की दार उघडणार नाही.

एकदा बाजारातून परतायला मास्तरांनाच उशीर झाला. वर्गात मी वयाने मोठा, म्हणून कडी मीच लावली. त्यांनी दार वाजवलं तेव्हा आतून नम्रपणे म्हटलं, "मास्तर, नियम चौथा."

"बरोबर आहे," एवढंच बाहेरून ऐकू आलं.

आम्ही तासभर जोशात भूप वाजवला. दार उघडलं तर मास्तर पायरीवर बसलेले, कानांभोवती पंचा घट्ट गुंडाळलेला.

"दार लावलंत, उपकार झाले," ते म्हणाले. "खिडकीही लावायची होती."

मग आत गेले आणि तितक्याच शांतपणे फळ्यावर बारावा नियम वाढवला.